तंबूत पाठमोरा बसलेला माणूस आणि पुढच्या सीझनची ऑफर

पत्र थोडक्यात (नाव, कंपनी आणि कॅम्पची जागा मुद्दाम काढली आहे):

पत्र लिहिणारी मुलगी सत्तावीस वर्षांची, पुण्याची. ऑफिसातली नोकरी सोडून ती ट्रेकिंग कंपन्यांसाठी सीझनल काम करते. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी गढवालमधल्या एका वरच्या कॅम्पवर, साधारण ११ हजार फुटांवर, शेवटची बॅच खाली गेली आणि आवराआवरीसाठी ती, कुक आणि एक हेल्पर एवढेच मागे राहिले. संध्याकाळपासून बर्फ पडत होता. तिचा टेंट ओला झाला म्हणून ती किचन टेंटमध्ये झोपली. ऊब राहावी म्हणून कुकने घमेल्यात निखारे ठेवले, चेन लावली आणि वारा येऊ नये म्हणून कडेने दगड लावून टेंट बंद केला. रात्री तिला जाग आली ती बाहेर कुणीतरी चालल्याच्या आवाजाने. बघते तर घमेल्यापाशी डोक्यावरून घोंगडी घेतलेला माणूस पाठमोरा बसलेला. कुकच असेल असं वाटून "भैया, सो जाओ" म्हणाली, उत्तर नाही. उठायला गेली तर हातपाय हलेनात, आणि मग परत ग्लानी. सकाळी डोकं फुटायची वेळ आणि उलट्या. कुक म्हणाला मी आलोच नाही, आणि बाहेरच्या ताज्या बर्फात एकही ठसा नव्हता. उतरताना खच्चरवाल्याने सांगितलं की काही वर्षांपूर्वी त्याच जागी, किचन टेंटमध्येच, एक वयस्कर हेल्पर रात्री झोपला तो उठलाच नाही, "नींद में ही चला गया". कुकने हात जोडले, दीदी कंपनीत बोलू नका, लोक काम सोडून जातात. आता कंपनीने तिला मे महिन्यापासून त्याच कॅम्पची मॅनेजर म्हणून बोलावलंय, पगारही वाढवलाय. ती घरी अजून लाईट चालू ठेवून झोपते. मित्र म्हणतो ऑक्सिजन कमी पडला, भाऊ म्हणतो सायकियाट्रिस्टकडे जा, आई म्हणते कोकणात गावी जाऊन एकाला दाखवून येऊ. तिचा प्रश्न असा: "मी पुरोगामी घरातली, कॉलेजात अंधश्रद्धा निर्मूलनाची शिबिरं केलेली. आता एक तर भूत असतं असं मान्य करावं लागेल, नाहीतर माझं डोकं फिरलंय हे. हे ठरल्याशिवाय मी तिथं परत जाऊ की नको?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळे वाचतील तसंच वाचलं, म्हणजे अंगावर काटा वगैरे आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्या पाठमोऱ्या माणसावरून नजर हटली आणि घमेल्यावर जाऊन थांबली, आणि मग भीती वाटली ती वेगळीच. त्याच्याबद्दल बोलूच, पण आधी तुझा प्रश्न जसा मांडलायस तो जरा उलगडून बघू, कारण मला वाटतं तो प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे.

तू म्हणतेस एक तर भूत, नाहीतर वेड. एवढे दोनच दरवाजे कुणी सांगितले तुला? धडधाकट, शहाण्या माणसांना नसलेलं माणूस दिसतं, जाणवतं, आणि डोंगरात तर याची मोठी परंपराच आहे. १९१६ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरचे शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन असे तिघं साउथ जॉर्जिया बेटावरचे बर्फाचे डोंगर ओलांडून मदत आणायला निघाले होते, सलग ३६ तास चालले, आणि त्या चालीत तिघांनाही वाटत राहिलं की आपल्यासोबत चौथा कुणीतरी आहे. गंमत म्हणजे वाटेत एकानेही दुसऱ्याला सांगितलं नाही, ते बोलले नंतर. १९३३ साली फ्रँक स्माइथ हा ब्रिटिश गिर्यारोहक एव्हरेस्टवर एकटाच वर गेला होता तेव्हा बरोबर कुणीतरी आहे हे त्याला इतकं पक्कं वाटत होतं की त्याने खिशातली पेपरमिंटची वडी काढली, मोडली आणि अर्धी शेजाऱ्याला द्यायला वळला. शेजारी अर्थातच कुणी नव्हतं. आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, लपवलं नाही. या माणसांना कुणी वेडं म्हणालं नाही आणि त्यांनीही उठून भुतांचा प्रचार केला नाही.

आपल्याकडे चकवा म्हणतात बघ. कोकणात, घाटात, कुणालाही विचार, रात्रभर चाललो आणि पहाटे त्याच आंब्याखाली आलो असं सांगणारा एक तरी निघतोच. ही माणसं खोटं बोलत नाहीत. जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या लोकांनी २००९ साली प्रयोग छापला होता, माणसांना जंगलात आणि सहारात सरळ चालायला सांगितलं, तर सूर्य-चंद्र दिसत नसले की ती खरोखर गोल फिरून आपल्याच वाटेवर परत येत होती आणि त्यांना मात्र वाटत होतं आपण नाकासमोर चाललोय. म्हणजे अनुभव शंभर टक्के खरा, फक्त तो करवणारा कोण याचं उत्तर वेगळं. तुझ्या त्या रात्रीबद्दल मी असंच बोलणार आहे. तुला दिसलं हे मी एका क्षणासाठीही नाकारत नाही.

आता तुझ्या मित्राचं "ऑक्सिजन कमी पडला". आपल्या, म्हणजे भूत न मानणाऱ्या, बाजूची माणसं असं म्हणून हात झटकतात तेव्हा मला जरा चीडच येते, कारण हे पण एक प्रकारचं न बघता बोलणंच झालं. तुझ्या कॅम्पच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास असतो हे खरं, नवख्या माणसाला त्रास होतो हेही खरं, पण तू तिथं सीझनभर होतीस, तुझं शरीर रुळलेलं होतं, आणि स्माइथ होता त्या उंचीच्या निम्म्यावरही तू नव्हतीस. नुसत्या उंचीने सरावलेल्या माणसाला घोंगडी घेतलेला माणूस दिसावा हे मला तरी पटत नाही.

आणि तुझा ठशांचा मुद्दा. तू लिहितेस, ताज्या बर्फात ठसे नव्हते म्हणजे तो माणूस नव्हताच, म्हणजे ते भूत होतं. अगं पण ठसे नसण्यावरून फार तर एवढंच कळतं की बाहेरून कुणी आलं नाही. त्याच्यापुढची उडी तू मारलीस, आणि तीही खच्चरवाल्याची गोष्ट ऐकल्यावर. चालल्याच्या आवाजाचं म्हणशील तर बर्फ पडताना टेंटच्या उतारावरून साचलेल्या बर्फाची लादी घसरली की अगदी कुणी पाय घासत चालल्यासारखं वाटतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. शिवाय तुझ्याच पत्रात आधी एक वाक्य सहज येऊन गेलंय, "सीझनच्या सुरुवातीला मला सांगितलेलं की किचन टेंटमध्ये रात्री कुणी झोपत नाही, का ते मी विचारलं नाही". म्हणजे गोष्ट नंतर कळली असली तरी तिची सावली तुझ्याबरोबर सीझनच्या सुरुवातीपासून होती.

हातपाय न हलणं हे झोपेतून अर्धवट जाग आली की होतं, मेंदू जागा आणि अंग अजून झोपेतच. त्यात खोलीत कुणीतरी आहे असं वाटणं फार कॉमन आहे, गावाकडे छातीवर काहीतरी बसलं म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. सीझनच्या शेवटची दमणूक, अपुरी झोप, रिकामा कॅम्प, हे सगळं धरलं तर तुझी रात्र एवढ्याने पण समजून घेता येते आणि डोकेदुखी नसती तर मी इथंच थांबले असते.

पण डोकं फुटायची वेळ आणि उलट्या. आणि दगड लावून बंद केलेला टेंट. आणि घमेल्यात निखारे.

१९२१ मध्ये विल्मर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका मासिकात एका कुटुंबाची हकीकत छापली होती. नव्या घरात राहायला गेले आणि काही दिवसांत पावलांचे आवाज, कुणीतरी मागून येतंय असं वाटणं, रात्री माणसं दिसणं, मुलं फिकट, सगळ्यांची डोकी दुखणारी, कुंड्यांतली झाडंसुद्धा मरायला लागली. घर झपाटलेलंच आहे अशी खात्री व्हायला आली होती. निघालं काय तर घर गरम करायची भट्टी बिघडलेली होती आणि तिचा धूर चिमणीतून बाहेर जायच्याऐवजी घरात येत होता. कार्बन मोनॉक्साइड. भट्टी नीट केल्यावर भुतं गेली.

या वायूला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. ज्वाळ विझून नुसते लाल निखारे राहिले की आपल्याला वाटतं आता धूर नाही, आता सेफ, आणि नेमकं तेव्हाच तो भरपूर सुटत असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं, त्यात उंचीवर आधीच ऑक्सिजन बेताचा. डोकं दुखणं, मळमळ, अंगातली ताकद जाणं, गोंधळ, आणि मग झोप. कॅम्पवर हे सगळं बघून कुणीही म्हणणार एएमएस, म्हणजे उंचीचा त्रास झालाय, पाणी पी आणि पड. तू लिहिलंयस की सकाळी ऑक्सिमीटरवर ९२ होतं म्हणजे ऑक्सिजन ठीक होता. इथं कान देऊन ऐक, आणि कॅम्पवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐका: बोटाला लावायचं ते साधं यंत्र ऑक्सिजनने भरलेलं रक्त आणि या वायूने भरलेलं रक्त यातला फरक ओळखत नाही. माणूस मरायला टेकला तरी ते छान आकडा दाखवू शकतं. त्या ९२ वर या बाबतीत काडीचा भरवसा ठेवू नकोस.

आता मी हेच झालं असं ठामपणे म्हणणार नाही, इतक्या महिन्यांनी रक्त तपासूनही कळायचं नाही, तो वायू काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात शरीरातून निघून जातो. पण त्याच टेंटमध्ये झोपलेला तो म्हातारा हेल्पर "नींद में ही चला गया" हे वाक्य या सगळ्याच्या शेजारी ठेवून परत वाच. तो थंडीत किचन टेंटमध्ये का झोपला असेल? उबेसाठीच ना? हार्ट अटॅकही असू शकतो, वय होतं. पण कुणी तपासलं का? पोस्टमॉर्टेम झालं का? की माणूस गेला, त्याची गोष्ट झाली, आणि गोष्टीतून शहाणपण एवढंच उरलं की तिथं झोपू नये, का ते विचारू नये? ज्याने कुणी तो नियम केला त्याने नकळत बरोबरच नियम केला होता बरं का. आंछरींच्या, म्हणजे डोंगरातल्या पऱ्यांच्या गोष्टी तू तिकडे ऐकल्याच असशील, वरच्या बुग्यालात, म्हणजे उंचावरच्या कुरणात, एकट्याने जाऊ नये, आरडाओरडा करू नये, असल्या गोष्टींनी गढवालमध्ये किती पोरांचे जीव वाचवले असतील. पण गोष्टीला कारण चिकटलेलं नसलं की ती गरजेच्या वेळी मोडते. बर्फ पडला, तुझा टेंट ओला झाला, आणि कुकने मायेने तुला तिथंच झोपवलं आणि वर निखारेही दिले.

म्हणून म्हणते, भूत होतं की नाही हे ठरवायची अट तू स्वतःला घालू नकोस. ते न ठरवताही परत जायचं की नाही हे ठरवता येतं, आणि ते ठरवायच्या आधी तुला त्या गेलेल्या हेल्परबद्दल चौकशी करायची आहे. कुकला फोन कर. त्याला आधी सांग की मी तुमच्यावर आळ घेत नाहीये, त्यालाही नोकरीचीच भीती आहे, तो काही दुष्ट नाही. मग विचार, त्या म्हाताऱ्या बाबाजींचं नाव काय, गाव कुठलं, कधीची गोष्ट, त्या रात्री आत काय पेटवलेलं होतं, घरच्यांना काही मिळालं का. कामावर असताना कामगार गेला तर भरपाईची कायदेशीर तरतूद आपल्याकडे १९२३ पासून आहे. मुदती असतात, उशीर झाला असेल तर का झाला ते सांगावं लागतं, आणि हे सगळं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट विचारता येतं. त्याच्या घरच्यांना हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

मग कंपनी. "कंपनीत बोलू नका" हे मला अजिबात मान्य नाही, पण मेलमध्ये भूत हा शब्दही लिहू नकोस, नाहीतर सगळे त्यालाच धरून बसतील आणि चहाबरोबर हसतील. लिहायचं ते एवढंच की अमुक तारखेच्या रात्री बंद किचन टेंटमध्ये निखाऱ्यांशेजारी झोपल्यावर मला तीव्र डोकेदुखी, उलट्या, हातपाय न हलणं आणि भ्रम झाला, त्याच जागी आधी एक मृत्यू झाल्याचं स्टाफकडून कळलं, त्याची माहिती मला हवी आहे. आणि मी मॅनेजर म्हणून यायचं असेल तर झोपायच्या टेंटमध्ये शेगडी, स्टोव्ह, निखारे काहीही चालणार नाही हा लेखी नियम, किचन टेंटला वरून-खालून हवा खेळती, हेल्परांना ट्रेकरांसारख्याच जाड स्लीपिंग बॅगा, आणि सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. हा अलार्म ऑनलाइन मिळतो, एका ट्रेकरच्या फीपुढे त्याची किंमत काहीच नाही. यातली स्लीपिंग बॅगची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण माणसं हौस म्हणून निखारे आत घेत नाहीत, त्यांना थंडी वाजते म्हणून घेतात. पाहुण्यांना उणे दहाची बॅग आणि हेल्परला दोन फाटकी ब्लँकेट, हे बऱ्याच कॅम्पवर चालतं, तूही बघितलंच असशील. तर कंपनीने या अटी मानल्या आणि नुसतं हो हो न म्हणता सामान वर पाठवलं तर जा, आणि मॅनेजर म्हणूनच जा, कारण हे बदल करायची पॉवर मॅनेजरकडे असते. टाळाटाळ केली तर पगार कितीही वाढवला तरी जाऊ नकोस, दुसऱ्या कॅम्पवर जा, हिमालय काय त्यांच्या एकट्याचा नाही.

पण जाणं न जाणं तुझ्या तब्येतीवर पण आहे ना. इतके महिने लाईट चालू ठेवून झोपतेस म्हणजे तुझा भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीये, फक्त त्याने ते टोमण्यासारखं म्हटलं असावं. आधी साध्या एमडी डॉक्टरकडे जा आणि निखाऱ्यांची गोष्ट सांग, कारण या वायूचा त्रास कधी कधी काही आठवड्यांनी परत डोकं वर काढतो, विसरायला होणं, लक्ष न लागणं, चिडचिड, असं काही असेल तर त्यांना कळू दे. नुसती भीतीच उरली असेल तर काउन्सेलर पुरे. आणि दिवसाढवळ्या, पूर्ण जागेपणी काही दिसायला किंवा ऐकू यायला लागलं तर मात्र सायकियाट्रिस्ट, आणि त्यात लाज कसली. रात्री अडीचला कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेली मानसचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, मराठीतही बोलतात.

राहिली आई. शिबिरवाल्या तुझ्या मनाला वाटत असणार की आता आईशी तत्त्वाची लढाई करावी लागणार. मला नाही वाटत. गावच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायचं, नारळ ठेवायचा, चार दिवस मोठ्या आईच्या हातचं जेवायचं, एवढंच असेल तर जा की, आईलाही झोप लागेल आणि तुलाही. देवावर विश्वास नसला तरी आईच्या काळजीवर असायला काही हरकत नाही. पण "एकाला दाखवू" मधला तो एक जर अंगातलं उतरवतो म्हणून पैसे मागणारा, धुरी देणारा, मारझोड करणारा असेल तर तिथं पाय ठेवायचा नाही, महाराष्ट्रात २०१३ पासून त्याच्याविरुद्ध कायदा आहे आणि तो कायदा यावा म्हणून ज्यांनी आयुष्य घातलं त्यांच्याच शिबिरांना तू गेली होतीस. धुरी तर तुला सोसणारच नाही, धुराचं एकदा झालंय तेवढं बास.

आईला कसं सांगायचं? मी तर सरळ सांगेन की आई, मला तिथं जे दिसलं ते दिसलं, पण त्या तंबूत विषारी वायू असण्याची शक्यता आहे आणि त्याने माणूस मेला असावा, म्हणून मला आधी ते बघायचंय. आयांना भुतापेक्षा गॅसची भीती जास्त वाटते, अर्ध्या रात्री उठून सिलिंडरचं बटण बघणाऱ्या बायका या, ती लगेच समजेल.

दुसऱ्या कॅम्पवर काम करणारी पोरं-पोरी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी पण एक राहतंय. कुठलाही ट्रेकर किंवा हेल्पर रात्री म्हणाला की टेंटबाहेर कुणीतरी आहे, माझ्याशी बोलतंय, तर हसू नका आणि भुताच्या गोष्टी तर मुळीच सुरू करू नका. त्याला बाहेर काढा, मोकळ्या हवेत बसवा, आत काही पेटलेलं आहे का बघा, त्याच टेंटमधल्या बाकीच्यांनाही उठवा. मग त्याला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगा. झोकांडी जात असेल, बोलणं असंबद्ध असेल तर मेंदूला सूज येत असू शकते, मग सकाळची वाट बघायची नाही, ऑक्सिजन असेल तो लावा, डॉक्टरला फोन आणि माणूस खाली. सगळं नॉर्मल निघालं तर गरम पाणी द्या, कुणीतरी शेजारी झोपा, आणि सकाळी वहीत लिहून ठेवा, कुठल्या टेंटमध्ये, किती वाजता, कोणाला काय दिसलं. एकाच टेंटची नोंद दोनदा आली तर तो टेंट तपासायचा.

कंपनीला महिनाअखेरपर्यंत कळवायचंय म्हणतेस, म्हणजे हातात दोन आठवडे आहेत. आधी डॉक्टर, मग कुकला फोन, मग मेल, या क्रमाने कर. कुक संध्याकाळी सात-आठला रेंजमध्ये येतो असं तूच लिहिलंयस, तेव्हाच लाव. आणि कंपनीचं उत्तर काय येतं ते मला कळव, मेलचा मसुदा आधी दाखवायचा असेल तर तोही पाठव.

तुझी,
ताई